नवशीबाईंचे वरचे आठ दात

पहिलीतली रामी उभी राहिली, उजव्या हाताचा पंजा तोंडावर धरला आणि पंजाआडून म्हणाली, "सोमवार, मंगळवार, बुधवार." वार ओळीने आले. पण ऐकायला असे की पोरगी रांजणात तोंड घालून बोलते आहे.

वर्ग तपासायला आलेल्या केंद्रप्रमुख साहेबांनी सोम्याला उठवलं. सोम्याचाही पंजा तोंडावर. मग जिवा, मग लक्ष्या. खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावरच्या त्या एका खोलीच्या शाळेत पहिलीला तेवीस पोरं होती. तेवीसच्या तेवीस पोरांनी तोंड झाकून वार म्हटले.

"बाई, ही कुठली नवी पद्धत?" साहेब हसले. "ट्रेनिंगला शिकवली का?"

नवशी बोलणार होती, पण त्याआधीच तिचा स्वतःचा पंजा तोंडाशी गेला होता. तो तिने तसाच हवेत धरला, मग पदर सावरल्यासारखं केलं.

"रामे, हात काढ की," ती म्हणाली.

रामीने बाईंकडे असं पाहिलं, जणू बाईच धडा विसरल्या. "बाई, साळंचा बोलाचा तं हात लावाचा."

या पाड्यावर पोरांच्या घरी मराठी नाही. घरची बोली वेगळी. मराठी त्यांना पहिल्यांदा भेटते ती शाळेत, आणि शाळेत म्हणजे नवशीबाईंच्या तोंडून. बाई काना-मात्रा शिकवतात तेव्हा पंजा तोंडावर, पाढे शिकवतात तेव्हा पंजा तोंडावर. पोरांनी दोन महिन्यांत जे पाहिलं ते उचललं. त्यांच्या लेखी मराठी अशीच बोलायची असते. मधल्या सुट्टीत हीच पोरं शाळेमागच्या ओहोळात घशाच्या शिरा ताणून आपल्या बोलीत ओरडत. घंटा झाली की पंजे वर.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिकेचे उच्चार अस्पष्ट.' मोटरसायकलला किक मारण्याआधी आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका बाई. तुमच्यात मिसरी फार लावतात ना? सोडून द्या. पोरांवर परिणाम होतो."

तुमच्यात! नवशीने जन्मात मिसरी ओठाला लावली नव्हती. राखेने घासून झालं होतं, मिठाने झालं होतं, लिंबाने हिरड्या सोलून झाल्या होत्या. डी.एड.ला असताना तर ती दिवसातून पाच वेळा पेस्ट लावायची. डाग हलला नाही, कारण तो वरचा नव्हताच. दात आतूनच राखाडी, आणि मधोमध तपकिरी आडवा पट्टा, पूर ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते तसा. पण दात बघून माणसाचं घर, त्याची आई आणि त्याची जात एका नजरेत ओळखणारे विद्वान या देशात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापुढे तिने वीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता. तो तिला सोसला असता. पण आपला पंजा तेवीस पोरांच्या तोंडावर बसलेला तिने पाहिला, आणि ते सोसायला ती तयार नव्हती.

त्या रविवारी ती जव्हारला दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने बॅटरी मारली, चिमट्याने टकटक केलं. "काढून टाकू. कवळी बसवतो. पांढरीशुभ्र."

"दुखत नाहीत ते. किडलेले नाहीत. मी त्यांनी ऊस सोलते."

"मग कशाला आलात?"

"दिसण्यासाठी."

डॉक्टर हसला. म्हणाला, "बाई, दिसण्यासाठी मुंबईच्या नट्या येतात."

"मग मी पण आले," नवशी म्हणाली आणि खुर्चीवरून उतरली. शाबूत दात उपटून प्लास्टिक बसवायला निघालेल्या माणसाशी वाद घालण्यात तिने वेळ घालवला नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने तिने नाशिक गाठलं.

नाशिकची डॉक्टरीण पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने आधी दात पाहिले नाहीत, आधी विचारलं, "लहानपणी खूप आजारी असायचात का? सहा-सात वर्षांच्या आत?"

"ताप यायचा. का?"

"पिवळं औषध मिळायचं? कॅप्सूल, किंवा पुडी?"

नवशीला आठवत नव्हतं. डॉक्टरणीने सांगितलं, टेट्रासायक्लिन नावाचं औषध आहे. दात हिरडीत तयार होत असताना पोटात गेलं, तर त्याचा रंग दातात कायमचा मुरतो. आठ वर्षांखालच्या मुलाला ते देऊ नये, हे डॉक्टर लोकांना केव्हापासून माहीत आहे.

"मग मला का दिलं?"

डॉक्टरणीने उपाय सांगितला. दाताच्या पुढच्या बाजूचा नखाएवढा जाड थर घासायचा, माप घ्यायचं, आणि चिनी मातीचा पातळ पापुद्रा वरून कायमचा चिकटवायचा. व्हेनिअर म्हणतात त्याला. वरचे आठ केले की बोलताना दिसतात तेवढे झाले. "पण एकदा घासलेला दात पुन्हा भरत नाही. दहा-पंधरा वर्षांनी पापुद्रे बदलावे लागतील. मागे फिरता येणार नाही. घरी विचारून या."

"मागं कुठं फिरायचंय मला?" नवशी म्हणाली. "तारीख द्या."

घरी विचारलं नाही, सांगितलं. तिचा नवरा रोहिदास मोखाड्याला कारकून होता. स्वभावाने वाईट नव्हता, फक्त लोकांना भ्यायचा. "दात चावायला असतात," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? मास्तरीण नटायला लागली."

"म्हणू देत."

"मी कधी काही बोललो का तुझ्या दातांवरून?"

"नाही बोललात. पण लग्नाच्या फोटोत तुम्ही हसताय अन् मी ओठ मिटून बसलेय. तो फोटो तुम्ही भिंतीवर लावलाय, मला रोज दिसतो. पगार माझा, तोंड माझं. तुम्ही फक्त त्या दिवशी भाकरी करून घ्या."

रोहिदासने भाकरीचं ऐकून जास्त त्रासल्यासारखं केलं.

तारखेच्या आदल्या आठवड्यात नवशी दाभोश्याला माहेरी गेली. तिची आई माघी पडवीत नागलीचं पीठ चाळत होती. नवशीने पिवळ्या औषधाचं विचारलं.

"होतं की," माघी म्हणाली. "फिरता दवाखाना यायचा. निळी गाडी. तू तापलीस की पुड्या द्यायचा. मी तर चार जास्तीच्या मागून ठेवायची. पावसात गाडी येत नाय, तेव्हा लागतील म्हणून. तुझ्या आधीचे दोन गेले होते. तू नवसाची. एक पुडी पण चुकू दिली नाय मी."

त्या पुड्यांनीच दात गेले, हे हिला सांगावं की नाही, असा विचार नवशी करत होती. मग तिने सांगून टाकलं. लपवाछपवीला ती कंटाळली होती.

माघीने चाळण खाली ठेवली. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"माला कोनी सांगितलं नाय."

"माहीत आहे, आये."

"सांगितलं असतं तरी मी दिली असती," माघी म्हणाली. "पण सांगाया पायजे होतं. आमी काय ढोरं हाव?" मग पुन्हा चाळण उचलली. "पोरगी राह्यली, दात गेले. आता पगार हाय ना तुला? मग कर पांढरे."

एवढंच. ज्यांनी ती निळी गाडी पाड्यापाड्यांत फिरवली त्यांच्याही घरी पोरं असतील. त्या पोरांच्या तापाला दुसरं औषध असेल. डोंगरातल्या पोराला दात असतात, त्याला पुढे मोठं होऊन हसायचं असतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

नाशिकला डॉक्टरणीने सुया टोचल्या, दोन तास यंत्र घरघरत होतं. मग तिने रंगांचे नमुने पुढे केले, छोट्या छोट्या दातांची माळच. "बहुतेक जण सगळ्यात पांढरा मागतात."

"तो गिरणीतल्या तांदळाचा रंग झाला," बधिर ओठांनी नवशी म्हणाली. "मला उखळात कांडलेल्या तांदळाचा द्या." आणि मधल्या एका नमुन्यावर बोट ठेवलं. डॉक्टरणीने तो तिच्या कातडीशी धरून पाहिला आणि पहिल्यांदाच हसली.

पापुद्रे मुंबईहून घडून यायला बारा दिवस होते. तोवर घासलेल्या दातांवर कच्चं, तात्पुरतं आवरण. कडक काही खायचं नाही, अशी ताकीद.

सहाव्या दिवशी माघी हसऱ्या चेहऱ्याने आली आणि पातेलं भरून चिंबोऱ्यांचा रस्सा ठेवून गेली. भातशेतातले खेकडे ते, काळेभोर, भरलेले. ताकीद नवशीच्या डोक्यात होती, पण नांगी दिसली की ती सुळ्याखाली जाते, हे डोकं ठरवत नाही. लहानपणापासून ती अशीच फोडत आली होती. कट्कन आवाज झाला. नांगी फुटली नव्हती. सुळ्यावरचं आणि शेजारच्या दातावरचं आवरण ताटात पडलं होतं.

आरशात पाहिलं तर आधीपेक्षा वाईट. दोन दात बुटके, राखाडी, शेजाऱ्यांपासून सुटलेले. श्वास घेतला की वारा सुईसारखा टोचत होता.

"रजा टाक," रोहिदास म्हणाला. "उद्या साहेब यायचेत."

"म्हणून तर जायचंय."

"या तोंडाने?"

"दुसरं आहे का?"

सकाळी शाळेत तिने एका हातात खडू घेतला आणि दुसऱ्या हातात लाकडी फूटपट्टी. दोन्ही हात कामाला लावले, म्हणजे वर जायला एकही मोकळा नको. तरी पट्टी दोनदा नाकाला लागली. पोरं बघत राहिली. सोम्याने हळूच पंजा खाली घेतला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली घेतला.

साहेब आले. पाहिलं. "अहो बाई, पडलात की काय?"

"नाही साहेब. दात घासून घेतलेत. नवे पापुद्रे बसायचेत."

"एवढा खर्च? कशापायी?"

"तुमच्या मिसरीपायी." नवशीचा आवाज चढला नाही. "लहानपणी फिरत्या दवाखान्याने पिवळं औषध दिलं, त्याचा डाग होता तो. आमच्यातल्या कुणाच्या मिसरीचा नव्हता. मागच्या खेपेला तुम्ही विचारलं नाहीत, सांगून गेलात. आता बसा. शेरेबुकात उच्चार अस्पष्ट लिहिलेत ना, पुन्हा ऐका."

साहेब बसले. दुसरं काय करणार होते? नवशीने फळ्यावर वार लिहिले आणि एकेक वाचला. प्रत्येक शब्दाला वारा त्या दोन दातांत घुसत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. तिने ते पुसलं नाही, कारण हात वर न्यायचा नव्हता. शेवटी तिने विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं," साहेब म्हणाले. शेरेबुक उघडलं, पेन काढलं. मग तो जुना शेरा खोडून खाली सही केली. माफी वगैरे मागितली नाही. तिला नकोही होती.

बाराव्या दिवशी डॉक्टरणीने एकेक पापुद्रा बसवला आणि निळा उजेड मारून पक्का केला. आठवा झाल्यावर आरसा दिला. नवशीने आधी ओठ मिटलेलेच ठेवले. मग उघडले. कांडलेल्या तांदळासारखे आठ दात. ती रडली नाही. एक-एक तपासला, उजवीकडचा एक किंचित लांब वाटला, तो घासून घेतला आणि मगच खुर्चीवरून उतरली.

दुसऱ्या दिवशी वर्गात रामी पहिल्यांदा पुढे आली. "बाई, या दात कोनाचं?"

"माझेच."

"इकत आनलं?"

"हो. विकत आणले."

रामीने विचार केला, ओठ वर करून स्वतःची खिंड दाखवली. "माना बी एक पडलाय."

"तुला फुकट येईल. थांब थोडी. चल, वार म्हण."

रामीचा हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. "सोमवार, मंगलवार, बुधवार."

इतके दिवस पंजाआड ही चूक कुणाला ऐकूच आली नव्हती. "मंगलवार नाही गं. 'ळ'. जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची. अशी." नवशीने तोंड उघडलं. "दिसली?"

"नाय."

"मग जवळ ये. सगळे या."

तेवीस पोरं बाकं सोडून आली आणि बाईंच्या तोंडात डोकावू लागली. वरचे नवे दात दिसले, खालचे राखाडी होते तेही दिसले. "सरक की," जिवा लक्ष्याला म्हणाला, "जीभ दिसंना." नवशीने जबडा आणखी उघडला.