कार्ड अंकुरचं, हात राजदीपचा

आर्णीच्या बसस्थानकाजवळ राजदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी तो एका फोनची चार्जिंग पिन बदलत होता, बायको रुपाली शेजारी सोल्डरिंग करत होती. तेवढ्यात ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा अंकुर आत शिरला आणि काही न विचारता त्यानं राजदीपचं डोकं धरून काउंटरवर आदळलं. काच फुटली.

"माह्या कार्डावर खरेदी करतं काय बे?"

आदल्या दिवशी अंकुरनं नवं क्रेडिट कार्ड आणलं होतं. बँकेचं अ‍ॅप राजदीपनंच त्याच्या फोनात टाकून दिलं होतं. आज कुठल्या कुठल्या शहरांतल्या खरेदीचे मेसेज येऊ लागले, आणि अंकुरला एकच माणूस आठवला.

"भाऊ, आयकून तं घे..."

अंकुरचा धाकटा भाऊ रजत पाना घेऊन आला होता. अंकुरनं राजदीपचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि रजतनं पाना हाणला. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या गर्दीलाही ऐकू गेला. कोणी आत आलं नाही. दोघा-तिघांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

रजतनं परत पाना उचलला तशी रुपालीनं तापलेली सोल्डरिंग गन त्याच्या मनगटावर टेकवली. कातडी चरचरली. तो किंचाळला, पाना खाली पडला. अंकुरनं तिच्या कानशिलात लगावली. ती कोलमडली, पण उठली ती पाना हातात घेऊनच.

"ये! लाव हात आता!"

अंकुर पुढं सरकला आणि खिशातला फोन वाजला. त्यानं पाहिलं. आणखी एक खरेदी, आत्ता, याच मिनिटाला. राजदीप तर त्याच्या पायाशी रक्तात पडला होता.

"मंग हे कोन करून राह्यलं?" अंकुरनं फोनकडे बघत विचारलं.

राजदीप रक्त थुंकला. "सकाळी कोनाचा फोन आल्ता तुले?"

"बँकेतून. लिमिट वाढवून देतो म्हने. एक अ‍ॅप टाकाले लावलं."

"त्या अ‍ॅपातून त्याले तुही स्क्रीन दिसते. ओटीपी बी. पहिले नेट बंद कर. मंग दुसऱ्या फोनवरून कार्डाच्या मांगचा नंबर लाव, कार्ड बंद कराले सांग."

"कायले सांगता त्याले?" रुपाली ओरडली. "मरू द्या!"

अंकुरनं रजतच्या फोनवरून नंबर लावला.

वेळेत तक्रार झाली म्हणून बँकेनं अंकुरवरचा त्या खरेदीचा बोजा काढून टाकला. राजदीपची दोन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. बारीक काम संपलं.

महिनाभरानं अंकुर राजदीपच्या घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दवाखान्याचा सारा खर्च देतो. पोलिसातली केस मांगं घे, राजदीप. चूक झाली."

"चूक तुही सकाळची होती, फोनवरची," राजदीप म्हणाला. "दुकानात आला तवा तुले कोनी फसवलं नव्हतं. तवा तं तू मले इचारलंबी नाई."

रुपालीनं दार लावून घेतलं. पुढच्या तारखेला नवरा-बायको दोघं कोर्टात गेले.