खरपुडीचा पत्ता

बेलवलीच्या नाक्यावर दर रविवारी चंद्री भाजी घेऊन बसायची. पण त्या रविवारी तिचं मन भाजीत नव्हतं. दहा वाजताच तिने उरलेल्या माठाच्या जुड्या शेजारणीच्या हवाली केल्या, रिकामी पाटी कमरेला लावली आणि चिखलोलीच्या बाजूला जाणारी रिक्षा धरली. तिला यशोधरा मॅडमची बाग बघायची होती. खरं सांगायचं तर बागेत चोरीचा माल आहे का, ते बघायचं होतं.

चारच दिवसांपूर्वी ती आपल्या वाडीमागच्या डोंगरावर गेली होती. कड्याखालच्या कपारीत खरपुडी उगवायची. सुतासारखी बारीक वेल, भादव्यात कंदिलासारखी फुलं, आणि मातीखाली चपटा, गोडसर कंद. चंद्रीच्या लहानपणी पोरं तो कंद खणून कच्चाच खायची. खाता खाता सगळा डोंगर रिकामा झाला आणि त्या एका कपारीत वीस-बावीस वेली तेवढ्या उरल्या. चंद्रीच्या आईने ती जागा लेकीशिवाय कुणाला दाखवली नाही. चंद्रीने दोघांना दाखवली. एक तिचा नवरा देऊ, आणि दुसरी ही मॅडम.

आता तिथे नुसते खड्डे होते. डुकराने उकरलं असतं तर माती विखुरली असती. हे खड्डे खुरप्याने काढलेले, नेटके, एकही मुळी न तोडता कंद सुटा करणाऱ्याचे होते. जाणत्याचं काम. देऊचा गुडघा गेल्यापासून तो डोंगर चढलाच नव्हता. मग राहिलं कोण?

यशोधरा बेलवलीचीच. भाजी घेता घेता तिने ओळख वाढवली होती. कॉलेजात झाडं शिकवायची, आणि सह्याद्रीतली नाहीशी होत चाललेली झाडं जगवायला चार जणांनी मिळून काढलेली ही बाग सांभाळायची. मागच्या वर्षी दोनदा वाडीवर आली, भाकरी खाऊन गेली. एवढं गोड कुणी उगाच बोलतं का, असं देऊ तेव्हाच म्हणाला होता.

बागेच्या फाटकावर महेंद्र नावाचा रखवालदार होता. त्याने चंद्रीला खालून वर न्याहाळलं आणि पाटी दाखवायला लावली. तळाशी भाजीचा विळा तेवढा होता. तो त्याने काढून घेतला, जाताना परत मिळेल म्हणाला. मागच्या महिन्यात कुणीतरी आमरीचे, म्हणजे रानातल्या ऑर्किडचे, दोन गड्डे उपटून नेले, तेव्हापासून सगळ्यांचीच झडती होते, असंही वर सांगितलं. आधी एक जोडपं आत गेलं होतं, त्यांची बॅग मात्र त्याने उघडली नव्हती. चंद्रीने ते पाहिलं.

आत रानच होतं, पण शिस्तीत उभं केलेलं. बिब्बा, कुंभा, करवी, रानहळद. प्रत्येकापाशी नावाची पत्र्याची पाटी. चंद्री ओळखीच्या झाडांपाशी थांबत पुढे चालली. महेंद्रही दहा पावलांवरून मागे येत होता. ती थांबली की तो थांबायचा.

हिरव्या जाळीच्या मांडवात तिला हवं ते सापडलं. ओळीने बारा कुंड्या आणि प्रत्येकीत काडीवर चढलेली खरपुडी. तेवढ्यात यशोधरा हात पुसत समोर आली. चंद्रीताईला बघून तिला खरोखरच आनंद झालेला दिसला. चंद्रीला तो आनंदही खोटा वाटला.

"आमचे डोंगरावरच्या खरपुड्या तुमीच खनून आनल्या ना?" तिने विचारलं.

यशोधराचा चेहरा उतरला. कपार रिकामी झाल्याचं तिला माहीतच नव्हतं. ती एकदम खाली बसली. या वेली बियांच्या आहेत, तुम्हीच गेल्या दिवाळीनंतर शेंगा आणून दिल्या होत्या, असं ती सांगू लागली. पण चंद्रीचा विश्वास बसेना. शेंगा दिल्या हे खरं, पण म्हणून कंद नेले नाहीत असं थोडंच होतं?

मग यशोधराने एक कुंडी हातावर उपडी केली आणि माती बाजूला सारली. आत हरभऱ्याएवढा कंद होता. चंद्रीने तो बोटांनी चाचपला. डोंगरावरचा कंद पुरीएवढा असायचा. हा एका पावसाचा होता, यात काही खोटं नव्हतं. तिने तो पुन्हा कुंडीत ठेवून वर माती लोटली. तिचा राग गेला नाही. तो कुणावर ठेवावा, एवढंच तिला कळेना.

निघताना तिचं लक्ष त्या ओळीपुढच्या पाटीकडे गेलं. चौथीपर्यंत शिकली होती ती. अक्षराला अक्षर लावत वाचू लागली. झाडाचं नाव झालं, आणि पुढे तिच्या वाडीचं नाव, डोंगराचं नाव, कड्याखालची कपार. शेवटी, "माहिती आणि बी: चंद्रीताई."

"बाय, ह्यो तर पत्ताच लिवलाय तुमी," ती हळूच म्हणाली.

यशोधरा पाटीकडे बघत राहिली. चंद्रीचा मान राहावा म्हणून तिने ते नाव आठवणीने घातलं होतं. महेंद्र आता जवळ आला होता. आमरी गेली त्याच आठवड्यात गाडीतून दोन माणसं आली होती, असं तो म्हणाला. झाडांचे फोटो त्यांनी काढलेच नाहीत, नुसते पाट्यांचे काढले. तेव्हा त्याला ते चमत्कारिक वाटलं होतं, पण कपडे चांगले होते, म्हणून हटकलं नाही.

मग यशोधराने कुदळ मागवली आणि ती पाटी स्वतः उपटली. दुपारपर्यंत बागेतल्या सगळ्या पाट्यांवरची गावांची नावं काळ्या रंगाने बुजवून झाली. पोलिसांत तक्रारही दिली तिने. तपास चालू आहे, एवढंच उत्तर आलं.

कपारीत पुन्हा खरपुडी लावायची असं ठरलं. पुढच्या आषाढात चंद्री बारा कुंड्या न्यायला आली. यशोधरानेही डोंगर चढायचे बूट घातले होते.

"तुमी नका येऊ," चंद्री म्हणाली. "कपारीत नाय लावनार मी. दुसरी जागा बघितलीय. ती देऊलाबी नाय सांगितली."

यशोधराला ते लागलं. पण तिने बूट काढले, कुंड्या पाटीत नीट रचून दिल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं. रिक्षातून चंद्री वाडीच्या बऱ्याच अलीकडे, एका ओढ्यापाशी उतरली. रिक्षा वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मागून दोन मोटारसायकली गेल्या, त्याही जाऊ दिल्या. मग ओढ्यातून वर निघाली.

भादव्यात बेलवलीच्या नाक्यावर यशोधरा भोपळा घ्यायला थांबली. बाजूला दोन गिऱ्हाइकं होती. चंद्रीने ती जाईपर्यंत वाट पाहिली, आणि पिशवीत भोपळा सरकवताना म्हणाली, "नऊ फुलल्या."

कुठे, ते यशोधराने विचारलं नाही.