समुद्राकडे पाठ

आमचे हे सहल कंपनीत गाइड. उभ्या जन्मात लोकांना समुद्र दाखवला, बायकोला मात्र "पुढच्या वर्षी नक्की" एवढंच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे थेट ओट्यापर्यंत होता.

मग साथ आली आणि समुद्र दाखवणारे घरात बसले. सवय कुठली जातेय! सकाळी दार वाजवून "बॅगा बाहेर ठेवा" म्हणायचे. जेवायला आम्ही दोघंच, तरी आधी डोकी मोजायचे. मालकांनी ह्यांच्याच आवाजात सगळी माहिती मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवली, घरबसल्या सहल म्हणून विकायला. हे कपाटाकडे तोंड करून ओरडायचे, "मंडळी, इकडे माझ्याकडे बघा!" भाजी चिरता चिरता मला समुद्राची खोली, भरती-ओहोटी, सगळं पाठ झालं. बघायचा तेवढा राहिला होता.

साथ ओसरली तरी लोक घराबाहेर पडेनात. मालकांनी एक तज्ज्ञ बोलावला. त्याने पडद्यावर वर-खाली बाण काढून सांगितलं, की पर्यटनाचं भविष्य अनिश्चित आहे. एवढं तर आमची शेजारीण फुकटात सांगत होती. शेवटी मालकांनाच युक्ती सुचली. भरलेली बस दिसली की लोक आपोआप चढतात, तेव्हा पहिली बस कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी भरायची आणि समुद्रावर न्यायची. "बसच भरत नसेल तर गाइड ठेवून मी काय करू?" असंही वर ऐकवलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र आनंद लपवता येईना, माझ्या समुद्राला पहिल्यांदाच तारीख मिळाली होती.

माझी नणंद, तिचा नवरा, हिशेबनिसाची सासू, ड्रायव्हरचे मेहुणे, अशी वरात निघाली. बस सुटली न सुटली तोच हे फुकटे अस्सल प्रवासी झाले. नणंदेला खिडकी हवी होती. खिडकी मिळाली, तर ऊन नको. "दादा, हा एसी आहे की नुसतं भोक पाडून ठेवलंय?" ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं.

अर्ध्या वाटेवर एका हॉटेलापाशी बस थांबली. तिथल्या भिंतीवर निळाशार समुद्र रंगवलेला होता. त्याच्यापुढे आम्हाला उभं करून ह्यांनी फोटो काढले. मी पुढच्या रांगेत, मनापासून हसले, कारण खरा पुढे होता. सगळे बसमध्ये चढलो आणि मालकांचा फोन आला. फोटो झाले ना? मग बस परत आणा, डिझेल काय झाडाला लागतं?

ह्यांनी माइक हातात घेतला. "मंडळी, अपरिहार्य कारणास्तव..."

बस खवळली. ज्यांनी दमडी दिली नव्हती, ते पैसे परत मागायला लागले.

मी उठून उभी राहिले. "अपरिहार्य कारण गिऱ्हाइकांना सांगा. मी बायको आहे. मला समुद्र बघायचाय, आजच."

"अगं, नोकरी जाईल माझी."

"त्या नोकरीपायीच तर राहिलाय. आणि परत गेलो तर ती टिकणार आहे, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

ह्यांनी माइक बंद केला. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चला पुढे. मालकांना सांगू, रेंज नव्हती, अर्धंच ऐकू आलं."

आम्ही वाळूवर उतरलो. ह्यांनी लगेच झेंडी वर केली, समुद्राकडे पाठ केली आणि डोकी मोजायला सुरुवात केली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या माणसाने आजवर समुद्र दाखवला तो असा, पाठमोरा उभा राहून! मला हसू आलं आणि रडूही आलं. मी खांद्याला धरून त्यांना फिरवलं.

हातातली झेंडी आपोआप खाली आली. मग हळूच म्हणाले, "अगं, मी सांगतो त्यापेक्षा बराच मोठा आहे की हा."

नोकरी गेलीच. चौकात आता भला मोठा फलक लागलाय, "पर्यटन पुन्हा बहरलं!" रंगवलेल्या समुद्रापुढे मी बत्तिशी दाखवत उभी. ज्याने पोटावर पाय दिला, त्याची जाहिरात मी फुकटात करतेय. आणि बघा, बस खरंच भरायला लागली! गाइड लागत नाही, मोबाइलवरचा ह्यांचा आवाज लावून देतात. आवाज समुद्रावर जातो, माणूस घरी असतो. लाटा समोर आल्या की तो आवाज अजूनही ओरडतो म्हणे, "मंडळी, इकडे माझ्याकडे बघा!" तिथे ज्याच्याकडे बघायचं तो माणूसच नसतो. इथे मी बघते.