मावशींची नळी

"सर, तुम्ही स्वतः करून दाखवा ना," तपासणीला आलेल्या मॅडम शेवटच्या बाकावरून म्हणाल्या.

गालाच्या पेशींमधला डीएनए नुसत्या डोळ्यांना दिसेल असा काढायचा, हा माझा हुकमी पाठ. मिठाचं पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट खळखळवायचं आणि पेल्यात टाकायचं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. मग ते परीक्षानळीत ओतून, नळी तिरकी धरून कडेकडेने गार स्पिरिट सोडायचं, की थोड्या वेळाने पांढरे धागे वर येतात. सगळं सोपं. फक्त खारं पाणी तोंडात गेलं की मला उमासे येतात. पहिल्याच वर्षी हे ओळखून प्रयोगशाळेच्या मावशींनी तोड काढली. तासाआधी कपाटाआड उभ्या राहून त्या गुळण्या करायच्या, झाकलेला पेला माझ्या हातात द्यायच्या आणि काचेची भांडी धुवायला निघून जायच्या. मी वर्गात छाती पुढे काढून सांगायचो, "हा माझा डीएनए!" तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या दिवशी मात्र माझी नोकरी कायम होणार की नाही, ते याच पाठावर ठरणार होतं.

मी घोट घेतला. मनात दहा आकडे मोजेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं आणि मी बेसिनकडे धावलो. वर्गात हशा पिकला.

"राहू द्या सर, नेहमीसारखं मीच करते," मावशी दारातून म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"नेहमीसारखं म्हणजे?" मॅडमनी पेन उचललं.

"काही नाही हो मॅडम, मी आपली सरांना जरा मदत..." माझी लाज झाकायला ही बाई खोटं बोलत होती. मग मला गप्प राहवेना.

"मॅडम, आजवर या वर्गात माझा म्हणून दाखवलेला प्रत्येक डीएनए मावशींचा आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग आज त्यांच्याच नावाने दाखवा."

मावशी आधी लाजल्या, पण मग त्यांनी अशा दणदणीत गुळण्या केल्या की पहिल्या बाकावरच्या मुली मागे सरकल्या. मी साबण घातला, स्पिरिट सोडलं. धागे तरंगत वर आले. नळी मी मावशींच्या हातात दिली.

"हे माझं?"

"तुमचंच. तुमच्या शरीराची सगळी घडण यात लिहिलेली आहे."

"अगं बाई! आणि मी दर वेळी मळ समजून मोरीत ओतत होते."

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तीन वर्षांत एकदाही त्यांना हाक मारून हे दाखवावं, असं मला सुचलं नव्हतं.

मॅडमनी शेरा लिहिला, 'पाठ उत्तम. गुळण्यांचा सराव हवा.' महिन्याभरात मी कायम झालो. आज माझं घर त्या नोकरीवर उभं आहे आणि मावशींचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नळीला बूच लावून ती मावशींना दिली. त्यांनी ती पिशवीत टाकली नाही. धागे हलू नयेत म्हणून हातात उभी धरून त्या पटांगणातून सावकाश निघाल्या. प्रयोगशाळेची वस्तू फाटकाबाहेर न्यायची तर शिक्षकाची चिठ्ठी लागते, हे मला उशिरा आठवलं. मी कागद घेऊन मागे धावलो, पण पहारेकऱ्याने त्यांना अडवलं होतं.

"काय नेताय मावशी?"

"माझंच आहे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.