दिव्यावरची चिकटपट्टी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनी पुढे या, कुजबुज थांबवा आणि कान इकडे द्या. एक गोष्ट सांगतो. फार गोड नाही हं! मी रागावलेलो आहे, आणि माझा राग रास्त आहे की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवा.

मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे. अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा, मागे तारांची शेपटी. चौदा वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका पांढऱ्या व्हॅनच्या पोटाखाली, धूर बाहेर नेणाऱ्या नळीत मला नाक खुपसून बसवले. तिथे भट्टीची धग असते. त्या धगीत बसून इंजिनाचा उच्छ्वास हुंगायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरला खरे तेच कळवायचे. "हवा जास्त झाली, पेट्रोल वाढव," किंवा "पेट्रोल जास्त झाले, हात आखड." माझा एक भाऊ होता. तो इंजिनाच्या तोंडाशी बसून आत जाणारी हवा मोजायचा. तो आत काय गेले ते सांगायचा, मी बाहेर काय आले ते सांगायचो. आम्हा दोघांच्या शब्दावर ती गाडी चालायची.

गाडी चालवायच्या ताई. आठवड्यातून तीन दिवस त्या चार आजारी माणसांना टेकडीवरच्या रुग्णालयात न्यायच्या. तिथे मशीन लावून त्यांचे रक्त शुद्ध करत. वेळ सकाळी आठची. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला मिळे, आणि आपल्या माणसाने सुजलेले पाय घेऊन पुढच्या पाळीपर्यंत कळ काढायची. म्हणजे बघा, ताईंचे घड्याळ आणि त्या चौघांचे आयुष्य एकाच दोरीला बांधलेले! एवढी वर्षे ती दोरी आम्ही कधी तुटू दिली नाही. ताई स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायच्या, "शहाणी गं माझी बाय!" कौतुक गाडीचे व्हायचे, माझे नाव कोणाला ठाऊकही नव्हते. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. सेवा करणाऱ्याने पाटी लावून बसू नये.

पण एका हिवाळ्यात गाडी चढावर गुदमरू लागली. सपाटीवर ठीक, आणि टेकडी लागली, ॲक्सिलरेटर दाबला, की उचलायच्या ऐवजी दबायची. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी धापा टाकायची. मी पहिल्याच दिवशी ओरडलो, "हवा जास्त! हवा जास्त!" कॉम्प्युटरने ऐकले, झेपेल तेवढे पेट्रोल वाढवले, आणि शेवटी ताईंसमोर पिवळा दिवा लावला.

ताई गाडी घेऊन गेल्या झटपटरावांकडे. खरे नाव कोणास ठाऊक, गॅरेजात सगळे झटपटरावच म्हणत. त्यांनी प्लग बदलले. मग पेट्रोलचा फिल्टर बदलला. दिवा तसाच. मग त्यांनी एक यंत्र जोडले, त्यावर माझा निरोप वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"सापडला चोर! ताई, तुमचा ऑक्सिजन सेन्सर गेला."

मी गेलो? मित्रांनो, निरोप्याने निरोप आणला, तर निरोप्यालाच सुळावर! रोग म्हशीला आणि औषध पखालीला! पाना लावून मला उपटले आणि पुढच्या खणात, जुन्या पावत्यांवर फेकून दिले. माझ्या जागी एक चकचकीत पोरगा बसवला. आणि तो नवा कोरा पोरगा दुसऱ्याच दिवशी काय म्हणाला? "हवा जास्त!" शब्दाला शब्द तेच!

दोन साक्षीदार एकच सांगतात, तेव्हा शहाणा माणूस काय करील? झटपटरावांनी काळी चिकटपट्टी काढली, दाताने तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला.

"जुन्या गाडीत हे चालायचंच. दिव्याचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले.

ताई थकल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

पुढच्याच शनिवारी भर चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. ताई वर पोचल्या तेव्हा नऊ वाजत आले होते. तिघांना कसेबसे मशीन मिळाले, पण चौघांतल्या आजींची पाळी गेली. रुग्णालयातल्या बाई म्हणाल्या, "मंगळवारी पुन्हा उशीर झाला, तर आम्ही दुसरी गाडी लावू."

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "भंगारात देते आता हिला."

"आधी मला दे गं," आजी मागून म्हणाल्या. "आम्ही दोघी एकाच भावात जाऊ."

त्या दिवशी मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. त्या चौघांतलेच एक, तंत्रशाळेत तीस वर्षे इंजिन शिकवलेले. एरवी मागे खिडकीशी बसायचे, मशीननंतर थकून डोळे मिटायचे. आज त्यांना पुढून काहीतरी दिसले.

"हे काय चिकटवलंयस, पोरी?"

"दिवा आहे तिथे. सारखा लागायचा. सेन्सर बदलला तरी."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. आजारी माणसाच्या अंगात एवढा राग कुठून आला देव जाणे!

"दर महिन्याला माझं रक्त तपासतात. रिपोर्ट वाईट आला तर काय तपासणाऱ्या पोरीला बदलतात? की रिपोर्टवर पट्टी लावतात? अगं, दिव्याला काय झालंय ते विचारायचं असतं, त्याचं तोंड बांधायचं नसतं!"

"मला कुठे कळतं त्यातलं, मास्तर?"

"कळेल. मंगळवारच्या आधी रविवार येतो."

रविवारी सकाळी मास्तर ताईंच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. डाव्या हाताने वजन उचलायचे नाही अशी त्यांना सक्त ताकीद, कारण मशीनच्या सुया त्याच हाताला लागत. म्हणून डोके मास्तरांचे आणि हात ताईंचे. त्यांनी बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा मागवला, एक टोक कानाला लावले आणि दुसरे चालू इंजिनाभोवती ताईंना फिरवायला लावले. पंख्यापासून लांब, सावकाश.

"थांब. ती घड्यांची रबरी नळी आहे ना, हवा मोजणाऱ्याच्या पुढची? ती जरा वाकव."

ताईंनी नळी वाकवली. मित्रांनो, इंजिनाने आचका दिला! खणात पडल्या पडल्या मलाही तो जाणवला. आणि नळीच्या तुकड्यातून मास्तरांच्या कानात आला आवाज, सूंऽऽ.

"आता खालून बोट फिरव."

"अगंबाई! चीर आहे, मास्तर! बोट आत जातंय!"

गाडी जोर लावू लागली की इंजिन आपल्या जागी कलते, आणि नळीची ती चीर तोंड वासते. माझ्या भावाने न मोजलेली हवा तिथून चोरपावलांनी आत शिरे. मोजलेल्या हवेपुरतेच पेट्रोल मिळे, ते कमी पडे, आणि इंजिन गुदमरे. म्हणजे भाऊ खरा, मी खरा, तो नवा पोरगाही खरा! खोटी होती ती फक्त पट्टी.

सोमवारी नवी नळी बसली. कॉम्प्युटरमधली जुनी तक्रार पुसली. मास्तरांनी नखाने पट्टी सोलली आणि खण उघडून मला हातात घेतले.

"हा निर्दोष आहे, ताई. फडक्यात गुंडाळून ठेव. कधी त्या नव्या सेन्सरने दम तोडला तर हाच उभा राहील."

इतक्या वर्षांत मला कोणी पहिल्यांदा निर्दोष म्हटले! मंगळवारी गाडी टेकडी अशी चढली की आजी ओरडल्या, "अगं हळू, मशीन अजून सुरू झालं नसेल!" आठला दहा मिनिटे कमी होती. दिवा विझलेलाच होता, आणि कोणी तोंड बांधले म्हणून नव्हे.

मास्तर त्यानंतर दीड वर्ष आमच्यासोबत आले. आता खिडकीची ती जागा रिकामी असते. ताई तिथे कोणाला बसवत नाहीत.

माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो. खरे सांगणाऱ्याला गप्प करणे सोपे असते, दाताने पट्टी तोडण्याइतके सोपे. म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो. उद्या एखादा दिवा लागेल, एखादे लेकरू "दुखतंय" म्हणेल, कोणी नको असलेली गोष्ट तुमच्या तोंडावर सांगेल, तेव्हा हात पट्टीकडे जाण्याआधी क्षणभर थांबा. आणि कानाला नळीचा तुकडा लावून खुर्चीत बसलेल्या आमच्या मास्तरांची आठवण काढा.