पवित्राचं काजळ

मी एक चष्मा आहे, पण कुणाला नीट दिसावं म्हणून मला केलेलं नाही. माझ्या चौकटीत आतल्या बाजूला दोन बारीक कॅमेरे आहेत. मी फक्त घालणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत असतो.

बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका ऑफिसात मी राहतो. इथली माणसं खुर्चीत बसून लांबच्या विजेच्या तारांवर ड्रोन फिरवतात. डोक्यावरचा ताण वाढला की डोळ्याची बाहुली मोठी होते. ती मी मोजतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. आता मी जुना झालो. एका काडीला चिकटपट्टी लावली आहे.

मला घालणाऱ्यांत पवित्रा माझी लाडकी. मला ओढणीने हळू पुसते. चामराजपेटहून बसने येते आणि दारातच काजळ पुसते, कारण काजळ असलं की मला बाहुली सापडत नाही. मोकळ्या डोळ्यांनी पोरगी आजारी दिसते, असं तिची आई कुरकुरते म्हणे.

ती दोन ड्रोन सांभाळायची. तिची बाहुली मोठी व्हायची, पुन्हा निवायची. मग तिसरा आला. बाहुली दिवसचे दिवस ताणलेली राहिली. एका दुपारी मात्र ती लहान होऊन गप्प बसली. ओझं झेपेनासं झालं की बाहुलीही हात टेकते. मी ते फार जवळून बघितलं.

तिच्या वरचे हयवदन अण्णा वाईट नाहीत. पण रेघ खाली आलेली बघून ते खूश झाले. "झाली की सवय. सोमवारपासून चौथा घे, स्वल्पच जास्त."

पवित्रा काही बोलू गेली, तर हसून म्हणाले, "अगं, चष्मा खोटं बोलतो का?"

मी खोटं बोललो नव्हतो. पण पुढचं सांगायला मला तोंड नाही.

सोमवारी ती डोळे भरून काजळ घालून आली. पडदा कोरा राहिला. अण्णांनी माझ्या काचा दोनदा पुसल्या.

"काजळ पुसायला विसरलीस?"

"विसरले नाही."

"मग मला कळणार कसं?"

"मला विचारा की, अण्णा."

अण्णा खुर्ची ओढून बसले. "बरं, सांग. झेपतंय?"

"तिसराच झेपत नाही. शुक्रवारी ड्रोन तारेला लागणार होता, मला दिसलंच नाही. डोळे उघडे होते."

मग अण्णा उठले. "सरी, ठीक आहे. वर बोलून बघतो. पण उद्या काजळ पुसून ये."

आता मी पेटीत आहे. वरचे काय म्हणतील, ठाऊक नाही. माझ्या चौकटीला तिचं थोडं काजळ लागलं आहे. मला घाला, मोजा, माझी ना नाही. फक्त मला उतरवल्यावर घालणाऱ्या माणसालाही एकदा विचारत जा.