पायपुसण्यावरचा वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. काटा म्हणायचं ते जुन्या सवयीने, कारण माझ्या अंगात काटा असा नाहीच. वर काचेचं पान, त्यावर धातूच्या चार पट्ट्या, खाली चार बुटके पाय आणि पोटात दोन सेल. कोणी अनवाणी उभं राहिलं की मी एका पायातून इवलीशी वीज आत सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. पाण्यातून आणि स्नायूंतून ती सुळकन जाते, चरबीपाशी अडखळते. तिच्या अडखळण्यावरून मी अंदाज सांगतो की चरबी किती, स्नायू किती, पाणी किती. माणसाला काही जाणवतसुद्धा नाही.

कारखान्यात माझ्यावर लोखंडाची वजनं ठेवून मला तपासलं होतं. लोखंड मुकाट बसतं. म्हणून पहिल्यांदा जिवंत माणूस उभा राहिला तेव्हा मी थक्क झालो. निम्म्याहून जास्त नुसतं पाणी! आणि ते पाणी उभं राहतं, बस चालवतं, जीव लावतं. हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही.

हा पहिला माणूस म्हणजे माझी मालकीण. ती शाळेची बस चालवते. पंधरा वर्षं बसून काम आणि थांब्याथांब्यावर काहीतरी तोंडात टाकायची सवय, त्यामुळे एक्क्याऐंशी किलो. घरात एकटीच असते. तिचा धाकटा भाऊ जमिनीची मोजणी करणारा. घरातलं शेंडेफळ, त्यामुळे चाळिशी आली तरी ती त्याला ‘बाळ्या’च म्हणते. त्याचं यकृत निकामी होत चाललं होतं. कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच तो वाचणार होता. ही एका पायावर तयार झाली. रक्तगट जुळला, पण तपासणीत हिच्याच यकृतात चरबी निघाली.

“तीन महिने देते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “चरबी उतरवा. पण उपाशी राहून अशक्त होऊन आलात तर मी तुम्हाला हात लावणार नाही.”

त्याच दिवशी ती मला घेऊन घरी आली.

माणसं माझ्यावर चढण्याआधी काय काय करतात ते सांगितलं तर हसाल. ही घड्याळ काढायची, चष्मा काढायची, केसांतल्या पिना काढायची आणि वर श्वास सोडून उभी राहायची. मग चष्म्यावाचून आकडा दिसायचा नाही, म्हणून चष्म्यासाठी पुन्हा खाली उतरायची. दिवसातून दहादहा वेळा हा कार्यक्रम. कामावर जाताना, आल्यावर, पाणी प्यायच्या आधी आणि प्यायल्यानंतरही.

एके दिवशी न्हाणीघराची फरशी ओली होती, म्हणून तिने मला दारातल्या जाडजूड पायपुसण्यावर ठेवलं. त्यावर माझे पाय रुतले, पोट टेकलं, आणि थोडा भार मला चुकवून परस्पर खाली गेला. आकडा दोन किलोंनी उतरला. तिचा चेहरा असा खुलला की माझं मुक्काम पोस्ट तेच ठरलं. आवडला तो आकडा खरा! मी ओरडून सांगितलं असतं, पण मला फक्त आकड्यांत बोलता येतं, आणि तेच खोटे पडत होते.

वर तिने जेवण सोडलं. काकडी आणि बिनसाखरेचा चहा. पोटात कावळे ओरडायचे. वजन उतरत होतं, पण माझ्या उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की जे पुढचे आकडे दिसतात, त्यांच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. चरबी जागची हलत नव्हती. स्नायू झिजत होते. मी रोज पाहत होतो आणि माझा जीव तुटत होता.

महिन्याने भाऊ राहायला आला, कारण तिचं घर रुग्णालयाला जवळ होतं. अंगात त्राण नाही, डोळे पिवळे, पण हाडाचा मोजणीदार. तिने मोठ्या कौतुकाने त्याला सांगितलं की पावणेपाच किलो उतरले. त्याने पिशवीतून पातळी बघायची पाणसळ काढली आणि माझ्या पाठीवर ठेवली. आतला बुडबुडा एका कडेला पळाला. मग त्याने पाच-पाच लिटरचे चार डबे तिच्याकडून भरून घेतले. फरशीवर मी वीस किलो दाखवले, पायपुसण्यावर साडेअठरा.

“ताई, पाया मऊ आहे. मऊ पायावरची मोजणी आम्ही धरत नाही.”

ती फरशीवर उभी राहिली. पावणेपाचातले जेमतेम पावणेतीन उरले. मग त्याने बटण दाबून पुढचे आकडे वाचले आणि बहुतेक सगळे स्नायूच गेलेत हे तिला दाखवलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली.

“कशाला मोजलंस?” ती म्हणाली. “चाललं होतं ना माझं. आता डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं तर तुझं काय होणार?”

“खोट्या आकड्यावर मी त्या टेबलावर झोपणार नाही, ताई. तुला काही झालं तर मला जगून काय करायचंय?”

मग तिने डोळे पुसले आणि पायपुसणं बाहेर दोरीवर टाकलं.

त्या दिवसापासून माझी जागा ठरली. खिडकीखालची कोरडी फरशी, रविवारची सकाळ, चहाच्या आधी. तीनदा उभं राहायचं आणि मधला आकडा लिहायचा. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. दारावर त्याने चौकटींचा कागद लावला आणि पेन्सिलीने तीन रेषा सुरू केल्या. वजन, चरबी, स्नायू. ताई पोटभर डाळ, भाज्या, अंडी खायला लागली. बसच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात आगाराला वेढे घालायला लागली. संध्याकाळी तेच पाण्याचे डबे दोन हातांत घेऊन जिना चढायची, आणि भाऊ पायरीवर बसून फेऱ्या मोजायचा.

आठव्या आठवड्यात वजन हललं नाही. नवव्यातही नाही. ती वैतागून म्हणाली की बस झालं, माझ्याच्याने होत नाही. त्याने पेन्सिल खालच्या दोन रेषांवर फिरवली. चरबी उतरली होती, स्नायू चढले होते.

“जमीन तेवढीच आहे ताई, पीक बदललंय,” तो म्हणाला.

मी तर अवाक झालो होतो. वरून तीच बाई, तेच वजन, आणि आत सगळी उलथापालथ! एवढं मोठं काम इतक्या गुपचूप चालतं, आणि माणसं आरशात बघून म्हणतात, काहीच फरक नाही.

एकदा ती कामावर असताना तो स्वतः माझ्यावर चढला. पोट पाण्याने फुगलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. तरी त्या पाण्यापायी माझा आकडा वाढलेलाच. त्याने वाकून मला हळूच म्हटलं, “माझं धरू नकोस.” मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नाही.

तेरावा रविवार, सव्वाबहात्तर. यकृतातली चरबी मला दिसत नाही, ते काम रुग्णालयातल्या मोठ्या यंत्राचं. ती उतरल्याचं त्या यंत्राने दाखवलं आणि डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. दोघं पिशव्या घेऊन गेली. जाताना तिने माझ्यावरून ओला फडका फिरवला.

मग घर गप्प झालं. कागदावरच्या रेषा मध्येच थांबलेल्या. रविवार येत होते, जात होते. किती गेले ते मी मोजू शकलो नाही, कारण माझ्यावर कोणी उभं राहिल्याशिवाय मला काहीच मोजता येत नाही.

एका सकाळी तिची पावलं वाजली. हळू, भिंतीला धरून. ती उभी राहिली आणि माझ्या पट्ट्यांना पुन्हा तिचे तळवे लागले. अडुसष्ट. तिच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग कापून घेतला होता, आणि फोनवर ती कोणाला तरी सांगत होती की उरलेला आत वाढतोय, काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत होईल. दिलं तरी पुन्हा भरून येतं! मी लोखंड तोललंय, पाणी तोललंय. असलं काही कधी तोललं नव्हतं.

आता माझ्या काचेला एक चरा गेलाय आणि एक पट्टी काळवंडलीय. तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर त्याला कडक फरशीवर ठेवा, आठवड्यातून एकदा भेटा आणि पुढचे आकडेही बघा. एवढंच मागणं.

आणि गेल्या रविवारचं सांगतो. मी माणसं वजनावरून ओळखतो. ताई एक नंबर, भाऊ दोन नंबर, पाहुणा असेल तर कोरी रेघ. भावाचं पोट ओसरलंय, अंगावर मांस धरलंय, डोळे पांढरे झालेत. तो खिडकीखाली माझ्यावर उभा राहिला. सत्तर किलो, ताईच्या आताच्या वजनापेक्षा फक्त दोनशे ग्रॅम कमी. मी गोंधळलो आणि पडद्यावर ‘१’ दाखवला.

“ताई, हा मला तू समजतोय,” तो म्हणाला.

ती दारावरच्या कागदावर आकडा लिहीत होती. मागे न वळता म्हणाली, “थोडासा आहेसच की.”